कोऱ्या रोलचं देणं

तीन रोल, छत्तीस फ्रेम आणि एकीतही नवरी नाही. नवरा नाही, भटजी नाहीत, अंतरपाट धरलेले दोघे नाहीत. तारेला चिमट्यांनी अडकवलेल्या त्या ओल्या पट्ट्यांतून पलीकडच्या कॅलेंडरवरची तारीख वाचता येत होती. निगेटिव्ह इतकी कोरी निघाली की शेंबड्या पोरालाही कळतं, फिल्मपर्यंत उजेड पोचलेलाच नाही. मे १९८३, वाई, रात्रीचे साडेनऊ. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि लग्न आदल्या दिवशी लागून गेलं होतं.

फ्लॅश मात्र उडाला होता. छत्तीसच्या छत्तीस वेळा उडाला होता. प्रत्येक वेळी मांडवातली पोरं ओरडत होती, एका आजोबांनी तर डोळ्यांपुढे उपरणं धरलं होतं. मग तो उजेड गेला कुठे?

ज्यांच्या स्टुडिओत मी उभा होतो त्यांना सगळं गाव फोटोकाका म्हणायचं. गणपती आळीच्या बाजूला एक खोली, मागच्या भिंतीवर रंगवलेला जिना आणि तळ्यातले हंस, आणि मोरीला दार लावून केलेली डार्करूम. माझं त्यांचं नातं काहीच नव्हतं. आयटीआयच्या पहिल्या वर्षाची सुट्टी लागली आणि पोरगं गावभर उंडारू नये म्हणून आईने मला त्यांच्याकडे बसवलं, एवढंच. पगार ठरला नव्हता, काम ठरलं नव्हतं. पहिला आठवडा मी हायपोची बाटली हलवत काढला. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला सोनाराचा काटा दिला आणि डेव्हलपर तोलायला बसवलं. लिटरभर पाण्याला २ ग्रॅम मेटॉल, १०० ग्रॅम सल्फाइट, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन, २ ग्रॅम बोरॅक्स. तयार पुडी मिळते की, मी म्हणालो. "मिळते. पण पुडीत काय आहे ते पुडीला विचारता येत नाही," काका म्हणाले.

त्यांचा कॅमेरा यशिका मॅट १२४ जी. एकावर एक दोन भिंगांचा, वरून वाकून बघायचा, चौकोनी. त्या काळात महाराष्ट्रातल्या किती लग्नांची आठवण या एका डब्यातून गेली असेल त्याची मोजदाद नाही. खालचं भिंग ८० मिलिमीटरचं. शटर भिंगाच्या पोटातच, पाकळ्यांचं. १२० च्या रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरच्या बारा फ्रेम बसायच्या. रोल बहुधा पूर्व जर्मनीचा ओर्वो, १२५ एएसएचा. आणि पुढच्या बाजूला, भिंगाच्या कडेशी, नखाएवढा एक लिव्हर होता. त्याला दोनच जागा, एम आणि एक्स. तो एक्सवर असायचा. मी पाहिला तेव्हापासून एक्सवरच होता आणि तो कशासाठी आहे हे मी कधी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी एकाच मुहूर्तावर दोन लग्नं आली. एक भुईंजला, एक पाचवडच्या अलीकडे. भुईंजचं काकांनी घेतलं, जुना कॅमेरा खांद्याला लावला आणि यशिका मला दिला. निघताना फ्लॅशच्या पाठीवर चिकटवलेल्या तक्त्यावर बोट ठेवून म्हणाले, "याचा गाईड नंबर ९०. फुटांनी भाग. अकरा फुटांवर उभा राहिलास तर आठचं अ‍ॅपर्चर. पण हा नंबर काढतात तो चार भिंतींच्या खोलीत, भिंती उजेड परत देतात म्हणून. मांडवाला भिंती नाहीत. एक स्टॉप जास्त उघड. आणि दिवा लागला की लगेच मारू नकोस." फ्लॅशचा तांबडा दिवा कंडेन्सर पुरता भरण्याआधीच लागतो. काका त्याला म्हणायचे, कुकरची शिट्टी झाली म्हणजे भात खाली घ्यायचा नसतो, वाफ जिरू द्यायची. दिवा लागला की दहा आकडे मोजायचे, मग बटण.

हे सगळं मी पाळलं. आकडे मोजले, फूट मोजले, स्टॉप उघडला. फक्त मांडवात पोचल्यावर एक गोष्ट माझ्या मनाने केली. मुहूर्त सव्वासातचा होता आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे आठ वाजायला आले होते. अंधार पडला होता, ट्यूब लागल्या होत्या, माळेचे बल्ब लागले होते. उजेड पुरेल का, अशी धाकधूक. तेव्हा माझं लक्ष त्या लिव्हरवर गेलं. एम म्हणजे मॅक्सिमम, दुसरं काय असणार? आणि एक्स म्हणजे तर फुली. चुकलेल्या गणितावर मास्तर मारतात ती. लग्नासारख्या कामात कॅमेरा फुलीवर कशाला ठेवायचा? मी लिव्हर एमवर घेतला.

काकांनी पट्टी ट्यूबच्या उजेडात धरली, डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मी बोललो. सेल खराब असतील, रोल जुना असेल, डेव्हलपर थकला असेल. यंत्राला, कंपनीला, रसायनाला, सगळ्यांना माझं बोट लावून झालं.

"कशाला हात लावला होतास का?" त्यांनी विचारलं.

"नाही काका."

"बरं. मग आधी जे नीट चाललंय ते बाजूला काढू."

हे वाक्य मी पुढे आयुष्यभर वापरलं. त्या रात्री मात्र त्याचा अर्थ हळूहळू उलगडत गेला. काकांनी भिंग माझ्या हातात दिलं. फिल्मच्या कडेला कंपनीने छापलेले आकडे असतात, ते कारखान्यातच उजेड देऊन छापलेले. रोल धुतला की तेही उमटतात. "कसे आहेत?" काळेकुट्ट होते. म्हणजे डेव्हलपर ठीक, वेळ ठीक, तापमान ठीक. आकडे फिके असते तर दोष धुण्याचा. आकडे ठसठशीत आणि फ्रेम रिकामी, तर दोष फोटो काढतानाचा. अर्धी चौकशी एका नजरेत संपली. मग त्यांनी मला फ्रेमच्या आत बघायला लावलं. नुसत्या डोळ्यांना कोऱ्या वाटणाऱ्या चौकोनात बारीक काळ्या रेघा होत्या आणि मोहरीसारखे ठिपके. ट्यूब आणि माळेचे बल्ब! म्हणजे शटर उघडलं होतं, रोल पुढे सरकला होता, भिंगावर झाकण राहिलं नव्हतं.

"शटर म्हणतंय मी उघडलो. फ्लॅश म्हणतोय मी उडालो, त्याला मांडवभर साक्षीदार. फिल्म म्हणतेय मी जागी होते. तिघं खरं बोलतायत," काका म्हणाले, "आणि तरी चोरी झालीय."

दहा वाजून गेले होते. त्यांनी फ्लॅश काढला, नवे चार सेल घातले. दिवा लागायला लागणारा वेळ मोजला, सेलही दोषी नव्हते. मग कॉर्ड. फ्लॅशची कॉर्ड ही सगळ्यात बेभरवशाची वस्तू. पिशवीत दुमडून दुमडून आतली तार तुटते, कॅमेऱ्याच्या बाजूच्या बारीक भोकात तिचं टोक सैल बसतं. काकांनी कॉर्डचं टोक मोकळं धरलं आणि टाचणीने मधला खिळा आणि बाहेरचं कडं जोडलं. लख्खकन उडाला. मलाही करायचं होतं. टाचणीऐवजी मी बोट लावलं आणि असा झटका बसला की स्टूल पडलं. जुन्या फ्लॅशमध्ये त्या टोकांवर दोन-अडीचशे व्होल्ट बसलेले असू शकतात. काका हसले नाहीत. फक्त म्हणाले, "आतला कंडेन्सर याहून वाईट. फ्लॅश उघडायचा नाही, बंद करून आठवडा झाला असला तरी."

"कशाला हात लावला होतास का?" पुन्हा विचारलं. सहज, चहा घेणार का असं विचारावं तसं.

"नाही."

मग त्यांनी कॅमेऱ्याचं मागचं दार उघडलं. आत रोल नाही. अ‍ॅपर्चर पूर्ण मोकळं, वेग १/६०. रंगवलेल्या हंसांवर पांढरी चादर टाकली. "मागून बघ. भिंगाच्या भोकातून चादर दिसली पाहिजे." मी डोळा लावला. त्यांनी बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या वरून, बाजूने, सगळी खोली पांढरी झाली. भोक मात्र अंधारं राहिलं. दोनदा, तीनदा. शटर उघडल्याची हलकी चाहूल लागत होती, पण त्यातून दिसायची ती ट्यूबच्या उजेडातली मळकी चादर. फ्लॅश उडून गेलेला असायचा.

काका उठले. "चहा टाकतो," म्हणाले, आणि मागे जाऊन स्टोव्हला पंप मारू लागले. कॅमेरा माझ्या मांडीवर तसाच उघडा.

मी अंगठ्याने लिव्हर एक्सवर आणला. फ्लॅशचा दिवा लागला, दहा मोजले, डोळा लावला, बटण दाबलं. भोकात वाटोळा, अख्खा, दुधासारखा पांढरा चंद्र उगवला आणि विझला.

चहा घेऊन ते आले तेव्हा मी म्हणालो, "काका, हा लिव्हर एमवर होता."

"असं? कसा गेला असेल?"

"काय माहीत. पिशवीत घालताना सरकला असेल."

"सरकतो कधीकधी," काका म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

मग त्यांनी समजावलं. पूर्वी इलेक्ट्रॉनिक फ्लॅश नव्हते, बल्ब होते, एकदा जाळून फेकायचे. आत धातूचा बारीक तारांचा पुंजका आणि प्राणवायू. ठिणगी पडल्यावर तो पुरता पेटायला सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग लागायचा. म्हणून कॅमेऱ्याने बल्बला आधी इशारा द्यायचा आणि शटर थोडं थांबून उघडायचं. एम म्हणजे ती सोय. मीडियम जातीच्या बल्बसाठी. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशला पेटायला वेळ लागत नाही आणि तो सेकंदाच्या हजाराव्या भागात संपतोही. त्याच्यासाठी एक्स: शटर पुरतं उघडल्याच्या क्षणी ठिणगी. "बल्ब म्हणजे बंब. आंघोळीआधी पेटवावा लागतो. हा फ्लॅश म्हणजे नगरपालिकेचा नळ. तू नळ आधी सोडलास आणि तो गेल्यावर बादली लावलीस."

तू, असं ते म्हणाले. कॅमेऱ्याने, असं नाही. मला ते तेव्हा ऐकूच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही नवरीच्या घरी गेलो. मला वाटलं होतं काका कारण सांगतील, बल्ब, बंब, एम, एक्स. नवरीचे वडील ओसरीवर आले तसे काका चपला काढून उभे राहिले आणि म्हणाले, "रोल माझ्या हातून धुताना गेले. पोराने चांगले काढले होते. पैसे परत आणलेत." वीस-पंचवीस वर्षं ज्याच्या हातून एक रोल खराब झाला नाही असा त्या पंचक्रोशीत लौकिक, तो माणूस हे बोलला. वडिलांनी जे ऐकवायचं ते ऐकवलं. काकांनी मान खाली घालून ऐकलं. मीही मान खाली घातली होती, पण माझी मान का खाली आहे हे तिथे कुणाला माहीत नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

तोड आजीने काढली. पोर मांडवपरतणीला आली की जावईही येतील, तेव्हा काढा पुन्हा. काकांनी नव्या मुंडावळ्या आणल्या, रोल स्वतःच्या खर्चाने टाकले. नवरीने शालू नेसला, नवरा त्याच टोपीत आला, हसू दाबत. अंतरपाट धरायला एका बाजूला घरचा गडी आणि दुसऱ्या बाजूला मी. एका गोष्टीवर मात्र आजी अडून बसली. लग्न एकदाच लागतं, अक्षता दुसऱ्यांदा टाकायच्या नाहीत. शेवटी शेजारच्या दुकानातून चुरमुरे आणले. काकांनी ओसरीच्या पांढऱ्या भिंतीकडे एकदा बघितलं, "इथे भिंत आहे, स्टॉप उघडायला नको," असं मला ऐकू जाईल एवढंच पुटपुटले, आणि फोटो काढले.

वाईला परतल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते लिव्हरवर लाखेचा थेंब टाकण्याचं. एक्सवर कायमचा. "सरकतो ना, म्हणून," म्हणाले. त्या रोलचे, त्या कॉप्यांचे, त्या एसटीचे पैसे त्यांनी माझ्याकडून कधी मागितले नाहीत, आणि घरी माझ्या आईपर्यंत तर यातलं अक्षरही गेलं नाही.

मी फोटोग्राफर झालो नाही. दूरध्वनी खात्यात लागलो आणि तेहतीस वर्षं लोकांच्या मुक्या झालेल्या फोनचे दोष शोधत फिरलो. खांबावर चढण्याआधी जे नीट आहे ते बाजूला काढायचं, ही सवय तिथे फार उपयोगी पडली. कॅमेरे हातचे सुटले नाहीत, एवढंच. काका गेल्यावर काकूंनी यशिका मला दिला. अलीकडे तरुण पोरांना पुन्हा फिल्मचं वेड लागलंय. आजोबांच्या कपाटातून कॅमेरे निघतात, फ्लॅश निघतात, आणि कुणाच्या तरी ओळखीने ती पोरं माझ्याकडे येतात. एक मुलगी पेन्टॅक्स के१००० घेऊन आली, प्रत्येक फोटोची एक बाजू उभी काळी. तो कॅमेरा कापडी पडद्यांचा. आडवे धावणारे दोन पडदे, आणि १/६० पर्यंतच फ्लॅशच्या क्षणी पूर्ण खिडकी उघडी असते. तिने वेग १/१२५ लावला होता. फ्लॅश उडाला तेव्हा दुसरा पडदा निम्म्या वाटेत. दुसऱ्याचा फ्लॅश पंधरा वर्षं बंद पडून होता, पहिले काही फोटो फिके. असे कंडेन्सर आळसावतात. ताजे सेल घालून दहा-बारा वेळा भरायचे, उडवायचे, थोडी विश्रांती द्यायची, बरेचदा ताळ्यावर येतात. नाही आले तर त्या फ्लॅशला नमस्कार करावा. एकाचा आपोआप उजेड तोलणारा फ्लॅश होता, पुढे बारीक डोळा असलेला. पांढऱ्या साडीतल्या आजींनी त्या डोळ्याला फसवलं. उजेड भरपूर परत आला म्हणून त्याने लवकर आवरतं घेतलं आणि आजी राखाडी आल्या.

आणि तीन वर्षांपूर्वी एक मुलगा यशिका मॅट १२४ जी घेऊन आला. फ्लॅश उडतो पण फोटो येत नाहीत, म्हणाला. त्याने कॅमेरा पिशवीतून काढून टेबलावर ठेवायच्या आत मला दिसलं होतं. लिव्हर एमवर. न शोधता दिसलं, माणसाच्या शर्टाचं बटण तुटलेलं दिसावं तसं.

मी तिथेच थांबलो. हा कॅमेरा मी कधीमधी हाताळणारा. काकांनी तो वर्षानुवर्षं रोज हाताळलेला. त्या रात्री मी पिशवीतून काढून त्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी तो उलटसुलट करून खाली ठेवला होता, आणि मगच रोल धुवायला घेतले होते. मी त्या मुलाचा लिव्हर हलवून बघितला. माझ्याकडच्याला लाख असल्यामुळे चाळीस वर्षांत मी तो हलवलाच नव्हता. तो घट्ट होता. नख लावून रेटावा लागला आणि टक् आवाज करून बसला. जुन्या कॅमेऱ्यात वंगण वाळतं, लिव्हर घट्ट होतात, हे मला ठाऊक आहे. पण पिशवीत घालताना सरकणारी ती वस्तू नव्हती.

म्हणजे काकांना रोल धुण्याआधीच ठाऊक होतं. तरी त्यांनी कडेचे आकडे वाचायला लावले, सेल बदलले, टाचणी लावली, चादर टांगली, आणि नेमक्या वेळी चहाला उठून गेले. मध्ये दोनदा विचारलंही. दोन्ही वेळा मी नाही म्हणालो.

त्या मुलाने विचारलं, "काका, हा आपोआप सरकला असेल का?"

"सरकतो कधीकधी," मी म्हणालो.

लिव्हर मी मुद्दाम हलवला होता, हे काका असताना मला सांगता आलं नाही. ते गेले तेव्हा माझी नेमणूक नागपूरला होती आणि तार मिळून मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. आता इथे लिहिलं, म्हणजे निदान कुठेतरी नोंद झाली.

पाचवडच्या अलीकडच्या त्या घरी मागच्या वर्षी जाऊन आलो. नवरीला आता नातवंडं आहेत. तो फोटो ओसरीवर, त्याच पांढऱ्या भिंतीवर टांगलेला आहे. अंतरपाट खाली आलाय, दोघं एकमेकांकडे बघतायत, आणि त्यांच्या डोक्यावर चुरमुरे हवेत जागच्या जागी थांबलेत, एकेक मोजता येईल असे. उजव्या कडेला अंतरपाटाचं टोक धरलेली चार बोटं दिसतात. ती माझी.